पडद्याचे चौसष्ट पत्रे

मागच्या वर्षी आमच्या गावाला एकाएकी आठवणींचा उमाळा आला. ज्या जागेकडे चौतीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, जिथे आता एका गोदामाचे ट्रक उभे राहतात, तिथे एके काळी ड्राइव्ह-इन थिएटर होतं हे सगळ्यांना एकदम आठवलं. नुसतं आठवलं नाही, भरून आलं. वाचनालयात स्मृती समिती स्थापन झाली. निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष झाले, कारण गावात काहीही स्थापन झालं की अध्यक्ष तेच होतात. लोकांनी आठवणी लिहून द्याव्यात, त्यांचं पुस्तक निघेल, शाळेच्या सभागृहात प्रकाशन होईल आणि एका खोलीत जुन्या वस्तू मांडल्या जातील, असं ठरलं.

त्या आठवणी मी वाचल्या आहेत. वाचून असं वाटावं की तेव्हा गावात माणसांपेक्षा गाड्याच जास्त होत्या. जो तो म्हणे आपल्या गाडीत बसून सिनेमा पाहायचा. मैदानात एकशे साठ गाड्यांची सोय होती आणि चांगल्या दिवशी सत्तर यायच्या. बाकीचं गाव कुंपणाच्या बाहेर, सायकली टेकवून, आवाजाशिवाय फुकटात सिनेमा पाहायचं आणि हीरो काय म्हणाला असेल यावर वाद घालायचं. आता त्या सायकलींना चार-चार चाकं फुटली होती. दातांच्या डॉक्टरांनी तर दोन पानं लिहिली होती, की चांदण्यात गाडीच्या टपावर बसून मी हिला मागणी घातली. तेव्हा ते दुसऱ्या एका डॉक्टरांच्या हाताखाली कवळ्या घासत होते. टप कुणाचा ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

हे सगळं मला कसं माहीत, तर मी तिथे अकरा वर्षं काम केलं. आमचे हे तिथले ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारे. गावात अजूनही त्यांना ऑपरेटर म्हणूनच ओळखतात, खरं नाव रेशनकार्डावर आहे तेवढंच. मैदानाच्या मधोमध त्यांची बुटकी खोली होती. तिथून प्रकाशाचा झोत निघायचा आणि गाड्यांच्या डोक्यावरून समोरच्या पडद्यावर जायचा. त्या खोलीच्या मागच्या भागात माझं टेबल. मी स्पीकर दुरुस्त करायची. प्रत्येक गाडीशेजारी एक खांब, खांबावर दोन स्पीकर, ते वायरीसकट काढून गाडीच्या काचेला अडकवायचे आणि सिनेमा संपला की परत ठेवायचे. एवढं साधं काम, पण रोज दोन-तीन शहाणे स्पीकर काचेला तसाच ठेवून गाडी चालू करायचे. वायर तुटायची, आतला कागदी पडदा फाटायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो चिकटवत बसायची. आमची लेक शाळा सुटली की तिथेच यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची.

पडदा कापडाचा नव्हता. वाऱ्यापावसात कापड टिकत नाही. लोखंडी सांगाड्यावर सपाट पत्रे ठोकलेले होते, आडवे सोळा आणि उभे चार, एकूण चौसष्ट. दर दोन वर्षांनी हे स्वतः ते पत्रे उतरवून घ्यायचे, घासायचे, पांढरा रंग द्यायचे आणि पुन्हा चढवायचे. उतरवलेला पत्रा नेमका आपल्याच जागी बसावा म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर शेंदरी रंगाने नंबर घातले होते. एक वरच्या डाव्या कोपऱ्यात, चौसष्ट खालच्या उजव्या. चोवीस आणि पंचवीसवर यांचा फार जीव. नायिकेचा चेहरा जवळून दाखवला की तो बरोबर त्या दोन पत्र्यांवर यायचा, म्हणून तिथे रंगाचा हात जास्त द्यायचे. मी म्हणायची, कधी माझ्याकडे इतक्या बारकाईने पाहिलं नाहीत. ते हसायचे आणि ब्रश धुवायला जायचे.

मालक वारले आणि थिएटर बंद पडलं. मुलगे परदेशात, त्यांचं आपसात जमेना. किल्ल्या यांच्याकडेच राहिल्या. पगार थांबला तरी हे रोज सकाळी जायचे, मशीनला तेल द्यायचे, खोली झाडायचे. मी एक-दोनदा बोलून पाहिलं, मग नाद सोडला. सहा-सात महिने असे गेले. आणि मग एका सकाळी पडद्याच्या खालच्या ओळीत दोन भोकं दिसली. दोन पत्रे गेले होते.

चोर बाहेरचा असेल असं यांना वाटलं. हे चौकीवर जाऊन तक्रार देऊन आले. दुसऱ्या आठवड्यात पाच गेले, मग नऊ. महिन्याभरात नुसता सांगाडा उरला आणि त्याच्यातून पलीकडचं शेत दिसायला लागलं. आणि मग चौकीवर आणखी एक कागद गेला. गावातल्या सत्तावीस प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या, मजकूर हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात. थिएटरच्या किल्ल्या ऑपरेटरकडे असल्याने त्याची चौकशी व्हावी, गावाची मालमत्ता अशी परस्पर विकली जाणं शोभत नाही, असं त्यात होतं. गावाची मालमत्ता! ज्या गावाने तिकीट काढण्याऐवजी कुंपणाला भोकं पाडली, त्या गावाची.

तीन दिवस यांना चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, फक्त बसवलं. चौकी बाजारात. येणारा-जाणारा पाहायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. काही सिद्ध झालं नाही, पण यांनी काही केलेलं नाही असंही कुणी म्हणालं नाही. पोलिसांनी किल्ल्या काढून घेतल्या आणि घरी जा म्हणून सांगितलं. शेजारच्या शहरातल्या थिएटरात हे काम मागायला गेले तर तिथल्या मॅनेजरने सांगितलं की जागा भरली. जागेची जाहिरात त्याच्या मागच्या भिंतीवर तशीच चिकटवलेली होती. मग हे बर्फाच्या कारखान्यात लागले. एकोणीस वर्षं बर्फाच्या लाद्या उचलल्या, हातगाडीवरून दुकानांत नि घरांत पोहोचवल्या. आज त्यांची बोटं पूर्ण मिटत नाहीत.

पोटासाठी मीही घरोघर जाऊन पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करायला लागले. आणि तिथे मला पडदा सापडला. एका घरी पाण्याची मोटार बघायला मागच्या शेडमध्ये वाकले, वर पाहिलं तर छतावर शेंदरी रंगात अकरा. दुसरीकडे कोळशाच्या खोलीवर तीस आणि एकतीस शेजारी शेजारी. कुणाच्या न्हाणीघराचा आडोसा, कुणाच्या गाडीचं छप्पर, कुणाच्या कोंबड्यांचं खुराडं. सत्तावीस सह्यांपैकी निदान वीस घरांत मी यांच्या हातचे नंबर वाचले आहेत. घरातली बाई मला सांगायची की मिक्सरला वास येतो, आणि मी मान वर करून तिच्या डोक्यावरचा बेचाळीस वाचत असायची. पहाटे पाचला उठून शिस्तीत फिरायला जाणारे, नाकासमोर चालणारे, दुसऱ्याच्या मुलांना सचोटीचे धडे देणारे हे लोक. मी बोलले नाही. बोलून काय होणार होतं? आणि यांना तर मुळीच सांगितलं नाही. माणूस आधीच बर्फ उचलून गारठलेला, त्याला आणखी कशाला गारठवायचा.

तर आता, चौतीस वर्षांनी, समितीला आठवणी हव्या होत्या. वाचनालयाची ग्रंथपाल वही घेऊन आमच्याकडे आली. नवीन मुलगी, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेली, तिला गावातलं काही माहीत नव्हतं. हे तिला तास-दीड तास मशीनबद्दलच सांगत बसले. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या कशा जळतात, एक रीळ संपताना दुसरं कसं सुरू करायचं. ते मागच्या खोलीत आपली जुनी वही शोधायला गेले तेव्हा मी तिला पत्र्यांचं सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून एकेक शब्द लिहून घेतला.

पुस्तकाची आगाऊ प्रत आली ती ग्रंथपालच घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आत यायला तिला धीर होत नव्हता. शेवटच्या प्रकरणात छापलं होतं की एका भयंकर वादळात थिएटरचा भव्य पडदा कोसळला आणि एका सुवर्णयुगाचा अंत झाला. आमच्या ऑपरेटरांबद्दल पाच ओळी होत्या, त्यांत दोन वेळा ‘निष्ठावान’. मी तिला विचारलं की हे वादळ कुठल्या दिशेने आलं. तिने सांगितलं की तिने जसंच्या तसं लिहून दिलं होतं, अध्यक्षांनी ते प्रकरण स्वतः पुन्हा लिहिलं. पुढे म्हणाली की समितीत चार-पाच जणांना वादळ स्पष्ट आठवतंय. एकाची तर खिडकी फुटली होती म्हणे.

लेकीला फोनवर हे सांगितलं. ती लांब राहते, गेल्या अकरा वर्षांत गावात पाऊल ठेवलेलं नाही, भेटायचं तर आम्हीच जातो. “आई, तू जाऊ नकोस त्या कार्यक्रमाला,” एवढंच म्हणाली, “आणि बाबांनाही पाठवू नकोस.”

पण हे जाणार होते. यांचा सत्कार होता ना. इस्त्रीचा सदरा काढला, चष्म्याची काच दोनदा पुसली. मला मनातून इतकी चीड आली, यांचीसुद्धा. ज्यांनी तोंडाला काळं फासलं त्यांच्या हातून मानपत्र घ्यायला माणूस एवढा उतावीळ कसा होतो? पण मी ठरवलं, जायचं. कुणीतरी मला बोला म्हणणार, आणि मी उठून घरं आणि नंबर वाचून दाखवणार. मी यादी करून पर्समध्ये ठेवली.

कार्यक्रम दुपारी चारला होता. सभागृह भरलेलं. भिंतीवर दोन फोटो, एक गंजलेला तिकिटाचा डबा आणि तीन रिकाम्या टेबलांवर पाट्या, ‘मूळ पडद्याचा अवशेष उपलब्ध झाल्यास येथे मांडण्यात येईल’. हेडमास्तर पंचवीस मिनिटं बोलले. वय शहाऐंशी, आवाज खणखणीत. दातांच्या डॉक्टरांनी टपाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती, ती साडीच्या काठाकडे बघत राहिली. मग यांना मानपत्र दिलं आणि दोन शब्द बोलायची विनंती झाली. हे माइकपाशी गेले. मला वाटलं, आभार मानतील आणि खाली येतील.

ते मशीनबद्दल बोलायला लागले. लेन्स कुठल्या, झोत किती लांब जायचा, धुकं पडलं की काय व्हायचं. लोक चुळबुळ करायला लागले, मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग पडद्याबद्दल सांगितलं. सोळा आडवे, चार उभे, पाठीवर नंबर. सभागृह हळूहळू गप्प झालं, आणि ती शांतता मला ओळखीची होती. चौकीसमोरून जाताना लोक असेच गप्प व्हायचे.

“वादळ झालं नव्हतं,” हे म्हणाले. “त्या महिन्यात वारासुद्धा नव्हता. पत्रे एकेक करून गेले. कुठला कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. एकोणीस वर्षं मी तुमच्या घरी बर्फ पोहोचवलाय. मला आता कुणाकडून काही नको. फक्त चोवीस आणि पंचवीस एकदा बघायचे आहेत. रंग कसा टिकलाय ते.”

आणि ते खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. हेडमास्तरांनी आभारप्रदर्शन पुढे ढकललं आणि चहा घ्यायला सांगितलं.

घरी आलो. दार लावून घेतलं आणि विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीत. ते बूट काढत होते.

“तू घरोघर कामाला जात होतीस,” ते म्हणाले. “तुला कळलं असतं तर तू एखाद्याच्या डोक्यात पाना घातला असतास.”

मी पर्समधली यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चष्म्याच्या अगदी जवळ धरून वाचली. मग दोघेही तिथे जमिनीवरच बसलो आणि मला रडू आलं, म्हणजे रागानेच. एका घरात दोन माणसं एकमेकांना जपत एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि तिकडे अख्खं गाव त्याच पत्र्यांखाली आरामात झोपत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर कुंपणाच्या आत एक पत्रा पडलेला. नंबर सदतीस. कडा कुजलेल्या, एका बाजूला कोंबड्यांची घाण. दुसऱ्या दिवशी तीन. मग रोज सकाळी काही ना काही. कुणी दारावर थाप मारली नाही, कुणी चिठ्ठी ठेवली नाही. जसे नेले तसेच आणून टाकले, तोंड लपवून. चौतीस वर्षांत या लोकांची एवढीच प्रगती. एकाने माझ्या लिंबाच्या रोपावर टाकला, ते मोडलं. एकाने पत्र्याबरोबर घरातलं संडासाचं फुटकं भांडंही आणून टाकलं, एक फेरी वाचावी म्हणून असेल. तीन आठवड्यांत एक्केचाळीस पत्रे झाले. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि मग नगरपालिकेची नोटीस आली. निवासी आवारात भंगार साठवल्याबद्दल. खाली सही होती ती स्वच्छता निरीक्षकाची. त्याच्या वडलांच्या खुराड्यावर एकोणपन्नास होता, आणि एकोणपन्नास माझ्या जिन्याला टेकलेला होता. मी नोटीस घडी करून त्या पत्र्यालाच चिकटवली.

दिवसाउजेडी, पुढच्या दाराने, बेल वाजवून आली ती एकटी दातांच्या डॉक्टरांची बायको. पासष्टीची बाई, एका हमालाकडून हातगाडी ढकलवत घेऊन आली होती. गाडीवर एकच पत्रा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. तिने चादर काढली. चोवीस.

बसायला सांगितलं तर ती बसली नाही. म्हणाली की आधी ऐकून घ्या. तेव्हा त्यांची नुसती ओळख होती, लग्न ठरायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की घराला पडवी काढायची आहे, तू मदतीला ये. पत्रा जड होता, एकट्याला उचलेना.

“दुसरं टोक मी धरलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा मला फार मजा वाटली होती. मग ऑपरेटरांना चौकीत बसवलं, तेव्हा मी बाजारातून गेले होते. मी बघितलं त्यांना. टपाबिपावर आम्ही कधी बसलो नव्हतो. मला मागणी घातली ती तो पत्रा नेताना.”

मला तिच्यावर चिडायचं होतं. तोंडात शब्द तयार होते. पण हे आतून आले, पत्र्यावरून हात फिरवला, वाकून तिरप्या उजेडात बघितलं आणि तिला म्हणाले की तुम्ही रंगाची बाजू आत, सावलीत ठेवली होती, म्हणून रंग इतका चांगला राहिला. तिचा चेहरा असा झाला की मीच आत जाऊन चहा ठेवला. ती तासभर बसली. जाताना तिने सांगितलं की डॉक्टरांनी हे तिला करू नकोस म्हणून बजावलं होतं. पडवी आता उघडी पडली आणि त्यांची नवी स्कूटर भिजते, याचंच त्यांना दुःख जास्त.

पंचवीस काही आला नाही. तो कुणाकडे होता ते आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. त्यांनी तो वितळवून टाकला असता, पण परत दिला नसता.

सगळ्यांत शेवटी हेडमास्तर आले. रिक्षातून उतरले, काठी टेकत अंगणातल्या पत्र्यांमधून वाट काढत आले. त्यांच्याकडे पत्रा नव्हता. त्यांनी कधी पत्रा नेलाच नव्हता, हे त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या दोनदा सांगितलं. म्हणाले की लोक आग्रह करत आले, कुणीतरी अर्ज लिहायला हवा होता, आणि गावात अक्षर चांगलं म्हणून मी. त्या कागदाचा आता कुठे उल्लेख होऊ नये अशी त्यांची विनंती होती. समितीचं नाव खराब होतं.

“मास्तर,” मी म्हटलं, “पत्रे नेणाऱ्यांनी निदान घाम तरी गाळला. तुम्ही तर शाईसुद्धा शाळेची वापरलीत.”

ते माझ्याकडे बघेनात. यांच्याकडे वळले. त्यांना वाटलं असेल, पुरुषमाणूस आहे, समजून घेईल, आणि हे खरोखरच सगळ्यांचं समजून घेतात. पण हे त्या दिवशी वेगळेच बसले होते. हात मांडीवर ठेवून, जरा पुढे झुकून.

“मास्तर, माझ्या पोरीच्या बाकावर त्या वर्षी कुणी बसत नव्हतं,” हे म्हणाले. “तिने आम्हाला सहा महिने सांगितलं नाही. तुम्हाला ते माहीत होतं का?”

 हेडमास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“मीच तिला वेगळं बसवायला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पालकांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. मला शाळा चालवायची होती.”

आम्हाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती पोरंच तशी, आईबापांचं ऐकून दूर सरकणारी. एका अकरा वर्षांच्या मुलीचा बाक शाळेने ठरवून रिकामा केला होता, आणि ज्याने तो केला तो माणूस माझ्या खुर्चीत बसून समितीच्या नावाची काळजी करत होता. मला वाटलं, आता पाना मिळाला तर बरं.

हे उठले. त्यांनी जाऊन दार उघडलं आणि धरून उभे राहिले. आवाज चढवला नाही.

“आता तुम्ही जा,” ते म्हणाले. “आणि परत या घरी येऊ नका.”

एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी कुणाला दार दाखवल्याचं मी पाहिलेलं नाही. हेडमास्तर गेले. जाताना एका पत्र्याच्या कडेला त्यांचं धोतर अडकून टरकन फाटलं. कुणी मदतीला गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून समितीचा राजीनामा दिला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात वादळ काढून टाकलं आणि तिथे छापलं की थिएटर बंद झाल्यावर नागरिकांनी प्रेमापोटी पडद्याचे भाग सुरक्षित जपून ठेवले. हे वाचून मी इतकी हसले की यांनी पाणी आणून दिलं. नव्या अध्यक्षांचा निरोप आला की प्रदर्शनासाठी चोवीस नंबर द्यावा. यांनी विचारलं, शेजारच्या पाटीवर काय लिहिणार? खरं लिहिणार का? उत्तर आलं की पाटीवर जागा मर्यादित असते. ग्रंथपालने त्यानंतर त्या समितीत बसणं सोडलं, तेवढं तिच्याकडून झालं.

लेकीला बाकाचं यांनीच फोनवर सांगितलं. मी शेजारी उभी होते. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण शनिवारी सकाळी ती बॅग घेऊन दारात हजर. अकरा वर्षांनी. अंगणातल्या ढिगाकडे तिने कमरेवर हात ठेवून एकदा नीट बघून घेतलं आणि विचारलं की हे घाण सामान अजून इथे कशाला ठेवलंय.

मी भंगारवाल्याला बोलावलं. तो भर दुपारी छोटा टेम्पो घेऊन आला. पत्रे चढवताना लेकीने हातमोजे घातले आणि सगळे नंबर बाहेरच्या बाजूला येतील असे उभे लावायला लावले. टेम्पोवाल्याला काही कळेना, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. चोवीस मात्र यांनी टेम्पोत चढवू दिला नाही. भंगारवाल्याने सहज विचारलं की एवढे एकसारखे पत्रे कुठून जमवले. हे म्हणाले, लोकांनी आणून दिले.

“कुणी कुणी ते सांगू का?” लेक म्हणाली आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसली. हेही मागोमाग चढले, तिला आवरायला म्हणून.

मी घरी थांबले, मला अंगण झाडायचं होतं. पुढचं मला भंगारवाल्यानेच नंतर सांगितलं. टेम्पो शाळेवरून, दवाखान्यावरून, नगरपालिकेवरून, बाजारातून सावकाश गेला, कारण लेकीने त्याला सावकाश चालवायला लावला. काच खाली करून, माझी यादी हातात धरून ती एकेका घरासमोर मोठ्याने नंबर सांगत होती, आणि तो कुणाच्या छपरावर होता तेही. लोक दारात येऊन उभे राहत होते आणि आत जात होते. हे म्हणे बाजारापर्यंत मान खाली घालून बसले होते, पुरे गं, पुरे गं म्हणत. कापडाच्या दुकानासमोर तिने एकोणचाळीस म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

“एकोणचाळीस नाही,” ते म्हणाले, “एक्केचाळीस. आणि जरा मोठ्याने बोल, आत ऐकू जायला हवं.”